डेट्रॉईट सिटीची मॅच पहिल्यांदा बघायला जाताय?

पुण्या-चाकणकडून गाड्यांच्या कामासाठी मिशिगनला येणाऱ्या मराठी माणसांचा ओघ काही आटत नाही. ट्रॉय, नोव्हाय, कँटन, फार्मिंग्टन हिल्स, कुठेतरी अपार्टमेंट मिळतं, गाडी घेऊन होते, कढीपत्ता कुठे मिळतो ते कळतं, आणि मग एखाद्या शनिवारी दुपारी माणूस खिडकीतून पार्किंग लॉटकडे बघत बसतो. लायन्सचं, म्हणजे इथल्या अमेरिकन फुटबॉल संघाचं, तिकीट खिशाला झेपत नाही. बेसबॉल तीन तास बघितला तरी डोक्यावरून जातो. अशा प्रत्येकाला मी एकच सांगतो: हॅमट्रॅमिकला जा आणि डेट्रॉईट सिटी या सॉकर क्लबची, म्हणजे आपल्या फुटबॉलची, मॅच बघ.

मी कोल्हापूरचा, त्यामुळे हे सांगणं निःपक्षपाती नाही हे आधीच कबूल करतो. शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम विरुद्ध प्रॅक्टिस क्लब असा फुटबॉल सामना बघत मोठा झालेल्या माणसाला हॅमट्रॅमिकच्या कीवर्थ स्टेडियममध्ये जे वाटतं, ते टीव्हीवर प्रीमियर लीग बघून फुटबॉल कळलेल्याला पहिल्या दिवशी वाटेलच असं नाही. पण थोडी तयारी करून गेलात तर वाटायला वेळ लागत नाही. ती तयारी कशी करायची तेवढं सांगतो.

सर्वात आधी: ‘दुसरा दर्जा’ म्हणजे काय

ऑफिसात कुणीतरी म्हणेलच, ‘ती काय, मायनर लीग आहे.’ अमेरिकेत व्यावसायिक फुटबॉलची उतरंड आहे. वर मेजर लीग सॉकर, म्हणजे एमएलएस. मेस्सी खेळतो ती. तिच्या खाली, म्हणजे दुसऱ्या दर्जाला, यूएसएल चॅम्पियनशिप, तिच्याही खाली आणखी लीग. डेट्रॉईट सिटी एफसी 2022 पासून यूएसएल चॅम्पियनशिपमध्ये आहे. खेळाडू पगारी आहेत, प्रशिक्षक पूर्णवेळ आहेत, फक्त पगाराचे आकडे वेगळे.

खरी गोम पुढे आहे. इंग्लंडमध्ये खालच्या लीगमधला संघ जिंकत जिंकत वर चढतो. अमेरिकेत चढता येत नाही, वरची जागा विकत घ्यावी लागते. सॅन दिएगोने 2023 मध्ये एमएलएसमध्ये शिरायला 50 कोटी डॉलर मोजले. डेट्रॉईटसाठीही 2016 मध्ये डॅन गिल्बर्ट आणि टॉम गोर्स या दोन अब्जाधीशांनी तसा घाट घातला होता. आधी नवं मैदान बांधायचं म्हणाले, मग लायन्सच्या फोर्ड फील्डमध्येच खेळू म्हणाले, आणि शेवटी ते बारगळलं. त्या काळात डेट्रॉईट सिटीचे कट्टर पाठीराखे या बड्या संघाच्या बाजूने नव्हते. ‘आमच्या शहराला संघ आहे की,’ असं त्यांचं साधं म्हणणं. वरच्या लीगचा संघ गावात येतोय आणि फुटबॉलवेडे लोकच नाक मुरडतायत, हे कोल्हापूरबाहेरच्यांना पटायला जरा जड जातं.

2025 मध्ये यूएसएलच्या संघमालकांनी आपल्या लीगांपुरती वर-खाली जाण्याची पद्धत आणायचं मतदानाने ठरवलंय. ती प्रत्यक्ष आली की पुढच्या नवख्यांना हा परिच्छेद वेगळा लिहावा लागेल.

क्लबची गोष्ट, दोन मिनिटांत

ही माहिती नसली तरी मॅच बघता येते, पण शेजारी बसलेल्याशी बोलायला उपयोगी पडते.

2010 मध्ये शॉन मान नावाच्या माणसाने डेट्रॉईटमध्ये वस्त्यावस्त्यांची हौशी लीग सुरू केली. बायका-पुरुष एकत्र खेळायचे, आपली पेठ विरुद्ध त्यांची पेठ असा प्रकार. त्यातूनच पाच मित्रांनी 2012 मध्ये क्लब काढला. सुरुवातीची चार वर्षं मॅच कॅस टेक या शाळेच्या मैदानावर व्हायच्या. गर्दी इतकी वाढली की लोक मावेनात. तेव्हा हॅमट्रॅमिकच्या शाळाखात्याचं कीवर्थ स्टेडियम मोडकळीला आलं होतं. ते दुरुस्त करायला क्लबने पाठीराख्यांकडूनच पैसे उभे केले, 7 लाख 40 हजार डॉलरांहून थोडे जास्तच. देणगी नव्हे, परतफेडीच्या बोलीवर. 2016 मध्ये तिथली पहिली मॅच बघायला सात हजारांवर माणूस लोटला. क्लब तोवर हौशीच होता. व्यावसायिक झाला 2020 मध्ये, आणि त्याच वर्षी मालकीचा छोटा हिस्सा सामान्य लोकांना विकायला काढला. त्यामुळे तुमच्या पुढच्या रांगेत पॉपकॉर्न खाणारा माणूस कदाचित क्लबचा भागधारक असेल. असले भागधारक पंचांवर जरा जास्तच ओरडतात, असं माझं निरीक्षण आहे.

रंग तांबडा आणि सोनेरी. टोपणनाव ‘ले रूज’. शहर 1701 मध्ये फ्रेंचांनी वसवलं, त्यामुळे नाव फ्रेंच, आणि रूज म्हणजे तांबडा. कोल्हापूरकराला याहून जास्त समजवायची गरज नाही.

तिकीट काढताना: बसायचं कुठे हे घरी ठरवा

सगळ्या लेखातलं एवढंच वाचलंत तरी चालेल, कारण इथे चुकलात तर मॅच फुकट गेली. चूक मी स्वतः केलेली आहे.

तिकीट क्लबच्या वेबसाइटवर मिळतं आणि फोनवरच येतं. मैदानाचा नकाशा उघडला की ‘सपोर्टर्स सेक्शन’ वेगळा दाखवलेला असतो. तिथे क्लबचे कट्टर पाठीराखे, नॉर्दर्न गार्ड सपोर्टर्स, उभे असतात. उभे हा शब्द शब्दशः घ्या, नव्वद मिनिटं कुणीही खाली बसत नाही. ढोल, झेंडे, कवट्यांचे मुखवटे, तांबड्या-सोनेरी धुराच्या कांड्या, आणि अखंड गाणी. गाण्यांत शिव्या आहेत. थोड्याथोडक्या नाहीत. समोरचा गोलकीपर, पंच, पाहुण्या संघाचं गाव, कुणी सुटत नाही.

पहिल्या खेपेला मी नकाशा न बघता ‘जिथून आवाज येतो तिथे मजा’ या हिशोबाने सहा वर्षांच्या मुलीला घेऊन बरोबर त्यांच्या मधोमध गेलो. पांढरा शर्ट घालून. पाचव्या मिनिटाला धूर आला, मुलगी खोकायला लागली, आणि कानावर हात ठेवायचे की नाकावर हे तिला कळेना. शेजारच्या धिप्पाड, दाढीवाल्या, गळ्याभोवती मफलर गुंडाळलेल्या गड्याने खाली वाकून तिला स्वतःचे कानावर लावायचे हेडफोन दिले आणि मला म्हणाला, ‘साहेब, पलीकडच्या बाजूला जा, तिथे ती नाचेल.’ गेलो. ती खरंच नाचली. घरी जाताना गाडीत मागून प्रश्न आला, ‘बाबा, ते सगळे मिळून ओरडत होते त्या शब्दाचा अर्थ काय?’ बायकोने माझ्याकडे बघितलं. मी रेडिओ लावला.

तेव्हा हिशोब असा. एकटे किंवा मित्रांबरोबर असाल, घसा बसला तरी चालणार असेल, तर सपोर्टर्स सेक्शन. त्याला तोड नाही. तिथे मोबाइल वर धरून नुसतं शूटिंग करत उभं राहू नका. गाणी येत नसतील तर टाळ्या वाजवा, दोन ओळींत चाल कळते. विरुद्ध संघाच्या रंगाचा शर्ट तर नकोच. मुलं, आईवडील, सासूसासरे बरोबर असतील तर समोरच्या बाजूचं साधं तिकीट. तिथून खेळही बघता येतो आणि नॉर्दर्न गार्डचा तमाशाही, दोन्ही एका तिकिटात. भारतातून चार महिन्यांसाठी आलेल्या ज्येष्ठांना इथे आवर्जून न्या. त्यांना इथल्या मॉलपेक्षा हे केव्हाही बरं वाटतं.

साध्या तिकिटावर बहुतेक ठिकाणी ठरलेली खुर्ची नसते, जो आधी येईल तो बसेल. कुटुंब घेऊन जाणाऱ्यांनी पाऊण तास आधी पोचावं.

जायचं कसं

हॅमट्रॅमिक हे डेट्रॉईटच्या पोटातलं वेगळं गाव आहे. जवळजवळ सगळ्या बाजूंनी डेट्रॉईट, मधे हे दोन चौरस मैलांचं, पण नगरपालिका स्वतःची. उच्चार ‘हॅम-ट्रॅम-इक’, स्पेलिंगकडे बघून घाबरू नका.

ट्रॉयकडून येणाऱ्यांनी आय-75 धरून दक्षिणेला यायचं आणि कॅनिफ-होलब्रुकच्या आसपास उतरायचं. नोव्हायवाले 696 वरून 75 ला लागतात. स्टेडियमला मॉलसारखा पार्किंगचा समुद्र नाही. घरांना घरं लागलेल्या अरुंद गल्ल्या आहेत आणि गाडी तिथेच रस्त्याकडेला लावायची. पाट्या वाचा, कुणाच्या ड्राइव्हवेचं तोंड अडवू नका, पाण्याच्या हायड्रंटपासून लांब राहा. दहा मिनिटं चालायची तयारी ठेवली तर सगळं सोपं जातं. गल्लीतून चालताना पोर्चवर बसलेले आजोबा हात हलवतात, पोरं सायकलवर मागे लागतात, आणि ढोलाचा आवाज हळूहळू वाढत जातो. रंकाळ्याकडून मिरवणूक ऐकू यावी तसा. हे दहा मिनिटांचं चालणं मी कधी चुकवत नाही.

कपडे

हंगाम मार्चमध्ये सुरू होतो आणि शरद ऋतूत संपतो. मार्च-एप्रिलची संध्याकाळ म्हणजे हाडं गोठवणारी थंडी, शिवाय खाली बसायला थंडगार बाक. घरातली जुनी गोधडी न्या. लोक बघतील, मग हेव्याने बघतील. जून-जुलैत सूर्य रात्री नऊनंतर मावळतो, म्हणून संध्याकाळच्या मॅचलाही टोपी आणि गॉगल हवा. पांढरा शर्ट नको. तो तांबडा-सोनेरी धूर आठवा. बॅग लहान ठेवा, आणि निघण्यापूर्वी बॅगचा चालू नियम वेबसाइटवर बघून घ्या.

खाऊन जा

मॅच संध्याकाळची असेल तर दुपारी चारलाच हॅमट्रॅमिकला पोचा. खाण्याच्या बाबतीत अख्ख्या मिशिगनमध्ये असं गाव दुसरं नाही, असं मला वाटतं.

गेल्या शतकात गाड्यांच्या कारखान्यांत कामाला पोलंडमधून माणसं आली आणि हे गाव पोलिश झालं. अजूनही जोसेफ कॅम्पाउ रस्त्यावर पोलिश हॉटेलं आणि बेकऱ्या आहेत. शाकाहाऱ्यांनी बटाटा-चीजचे पियेरोगी मागावेत. आपल्या उकडीच्या करंजीचा चुलत भाऊ, लोण्यात परतलेला. वरून कांदा येतो. बेकन घालू नका म्हणून आधीच सांगा. ‘पाँच्की’ म्हणजे आत जॅम भरलेला जाडजूड डोनट, त्यासाठी लेंटच्या, म्हणजे ख्रिश्चनांच्या उपवासाच्या काळाच्या, आदल्या मंगळवारी लोक थंडीत पहाटे रांगा लावतात.

पुढे येमेनी आले, मग बांगलादेशी. कोनंट रस्त्यावर गेलात तर पाट्या बंगालीत. मिठाईच्या दुकानात काचेमागे शिंगाडे म्हणजे बंगाली समोसे, जिलबी, रोशोगुल्ला. पहिल्यांदा मी इंग्रजीत विचारलं, काउंटरवरच्या काकांनी हिंदीत उत्तर दिलं, आणि मी मॅचला चाललोय म्हटल्यावर एक शिंगाडा फुकट टाकला. येमेनी हॉटेलात तव्याएवढी गरम रोटी येते, ती दोघांत एक पुरते. गावातल्या मशिदींना 2004 पासून लाउडस्पीकरवर अजान द्यायची परवानगी आहे. संध्याकाळच्या मॅचला अजान, चर्चची घंटा आणि नॉर्दर्न गार्डचा ढोल असं एकदम ऐकू आलं तर दचकू नका.

आत गेल्यावर

कीवर्थ 1936 मध्ये बांधलं. महामंदीत बेकारांना काम मिळावं म्हणून सरकारने काढलेल्या योजनेतून. उद्घाटनाला राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट स्वतः आले होते. काँक्रीटचे जुने स्टँड तेव्हाचेच, वर डागडुजी. सात-आठ हजार माणसं बसतात. हिरवळ खोटी आहे, उन्हाळ्यात रबराचा वास येतो. व्हीआयपी बॉक्स वगैरे शोधू नका. मैदान इतकं जवळ आहे की डिफेंडर गोलकीपरला काय बोलला ते पहिल्या चार रांगांत ऐकू जातं. शाहू स्टेडियमच्या दगडी पायऱ्यांवर बसलेल्यांना हे घरचं वाटेल.

खेळ बघताना नवख्याने एवढं ध्यानात ठेवावं. या पातळीवर तंत्रापेक्षा दमखम जास्त दिसतो. उंच चेंडू, अंगावर जाणं, धावपळ. टीव्हीवरच्या बार्सिलोनासारखी पासांची जाळी मागू नका, मिळणार नाही. एकाच खेळाडूवर दहा मिनिटं नजर ठेवा, शक्यतो डिफेन्सिव्ह मिडफिल्डरवर, चेंडू नसताना तो काय करतो ते बघा. टीव्हीचा कॅमेरा हे कधीच दाखवत नाही, आणि इथे तो खेळाडू तुमच्यापासून तीस फुटांवर असतो. प्रशिक्षकाकडेही बघा. 2024 पासून इंग्लिश डॅनी डिचिओ आहेत, एमएलएसमधल्या टोरांटो एफसीचा इतिहासातला पहिला गोल त्यांचाच. मैदानाकडेला त्यांचे हातवारे चालू असतात.

गुणतक्ता वाचायचा तर आधी पूर्व आणि पश्चिम असे दोन गट असतात हे लक्षात घ्या. डेट्रॉईट पूर्वेत. विजयाला तीन, बरोबरीला एक. पण साखळीत पहिला आला म्हणजे अजिंक्य ठरला असं नाही, प्रत्येक गटातले वरचे आठ संघ बाद फेरीत जातात आणि तिथे एक मॅच हरली की घरी. आपल्याला आयपीएलमुळे हे सवयीचं आहे. युरोपियन फुटबॉल बघणाऱ्यांना मात्र ते खुपतं, आणि ते तुम्हाला तसं ऐकवतीलही.

वेळापत्रकात ‘ओपन कप’ दिसला तर ती मॅच सोडू नका. 1914 पासूनची स्पर्धा, आणि तिच्यात खालच्या लीगच्या संघांना वरच्यांशी भिडता येतं. एप्रिल 2022 मध्ये कोलंबस क्रू हा एमएलएसचा संघ, दीडच वर्षापूर्वीचा विजेता, कीवर्थला आला आणि 2-1 असा हरून गेला. त्या रात्री हजर होतो म्हणणारी माणसं स्टेडियमच्या क्षमतेपेक्षा दुप्पट असावीत. मी नव्हतो. मीटिंग होती, भारतातल्या टीमबरोबर, रात्री साडेआठची. अजून सलते.

एक भाषेचा मुद्दा. इथे ‘फुटबॉल’ म्हटलं की समोरचा लायन्सबद्दल बोलायला लागतो. ‘सॉकर’ म्हणा, कमीपणा वाटून घेऊ नका. कीवर्थच्या आत मात्र ‘फुटबॉल’ चालतं.

शिट्टी वाजल्यावर लगेच पळू नका. निकाल काही असो, खेळाडू नॉर्दर्न गार्डसमोर जाऊन टाळ्या वाजवतात. बऱ्याचदा कुंपणापाशी लहान मुलांना सह्याही देतात. तोवर गल्ल्यांतली गाड्यांची गर्दीही ओसरते.

गोडी लागली तर

एवढ्यावरच थांबायचं नसेल तर तीन वाटा आहेत. क्लबचा महिलांचा संघ मे ते जुलै खेळतो, बहुतेक मुली कॉलेजच्या संघांतल्या. गर्दी कमी, शिव्या कमी, आणि खेळ सुरेख. लहान मुलींना पहिल्यांदा न्यायचं तर मी आता इथूनच सुरुवात करायला सांगतो. दुसरं, ईस्ट लाफायेट रस्त्यावर क्लबचं इनडोअर मैदान आहे, सिटी फील्डहाउस. तिथे मोठ्या माणसांच्या लीग चालतात. आठ महिन्यांचा हिवाळा आणि वाढलेलं पोट या दोन्हींवर उपाय. महाराष्ट्र मंडळातल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारा, सातजण जमतात. गुडघ्यांची हमी मी घेत नाही. तिसरं म्हणजे सीझन तिकीट, पण निदान तीन मॅच बघितल्याशिवाय त्यात पडू नका.

आणि हे लवकर करा. क्लबने डेट्रॉईटच्या कॉर्कटाउनमध्ये, मिशिगन सेंट्रल स्टेशनजवळ, वर्षानुवर्षं बंद पडलेल्या एका हॉस्पिटलची जागा घेतली आहे. तिथे साधारण 15 हजार प्रेक्षकांचं स्वतःचं मैदान बांधायचं आहे, लक्ष्य 2027 चं. व्हायलाच हवं, नव्या मैदानाशिवाय क्लब वाढणार कसा. पण कीवर्थची गल्ली, पोर्चवरचे आजोबा आणि कोनंटचे शिंगाडे काही कॉर्कटाउनला जाणार नाहीत. पुढच्या घरच्या मॅचची तारीख बघून ठेवा. गोधडी डिकीत, शर्ट तांबडा.